वेल्ह्याच्या वाटेवर पुढचीं चाकें

तोरण्याच्या पायथ्याशीं वसलेलें वेल्हें पुण्यापासून कांहीं दूर नाहीं. सातारच्या सडकेनें नसरापूरपर्यंत जावें, तेथून उजवीकडे वळावें, आणि कानंद खोऱ्याचा रस्ता धरावा. सारें मिळून साठ-पासष्ट किलोमीटरांची मजल होते. नसरापुराजवळ नानासाहेब पेशव्यांनीं बांधलेलें बनेश्वराचें देऊळ गर्द झाडींत उभें आहे, आणि पुण्याचीं बहुतेक मंडळी तेथेंच डबे सोडून, दर्शन घेऊन, संध्याकाळीं घरीं परततात. आम्ही मात्र तेथें फार वेळ थांबलों नाहीं. आम्हांस केळदला जावयाचें होतें, आणि ज्या वाहनांतून जावयाचें होतें तें वाहन कोठें किती वेळ थांबेल याचा भरंवसा देणें कठीण होतें.

हें वाहन म्हणजे माझ्या वडिलांची जीप. अण्णा पाटबंधाऱ्याच्या मोजणीच्या कामावर होते, आणि उमेदीचीं वर्षें त्यांनीं याच डोंगरांत काढलीं. १९८४ सालीं एका सरकारी लिलावांत त्यांनीं ही गाडी विकत घेतली, तेव्हां माझी आई आठ दिवस त्यांच्याशीं धड बोलली नव्हती. गाडी उंच बोनेटची. हा नमुना अमेरिकेंत १९५३ सालीं निघाला. नवें इंजिन जुन्या आंखूड पेटींत मावेना म्हणून बोनेट वर उचलावें लागलें, एवढेंच त्या उंचीचें रहस्य. पण त्यामुळें तिच्या चेहऱ्यावर जें एक प्रकारचें ताठ, कांहींसें चकित झालेलें रूप आलें आहे, तें आम्हां भावंडांस लहानपणापासून ओळखीचें आहे. मूळची जीप ही दुसऱ्या महायुद्धाचें अपत्य. युद्धाच्या काळांत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या गेल्या, आणि १९४७ पासून मुंबईंतही त्या जोडल्या जाऊं लागल्या. म्हणजे हिंदुस्थानचें स्वातंत्र्य आणि मुंबईची जीप हीं दोन्ही एकाच वयाचीं.

अण्णांचें वय आतां ब्याऐंशी. दर पांच वर्षांनीं नोंदणीचें नूतनीकरण, त्या वेळची धांवपळ, आणि वाड्याच्या जागीं इमारत झाल्यापासून गाडी उभी करण्याची अडचण, या सर्वांस कंटाळून आम्हीं ती विकण्याचें ठरविलें. "आम्हीं" म्हणजे मीं आणि माझ्या भावानें. अण्णांनीं मान हलविली, हो म्हटलें नाहीं. गिऱ्हाईक सोमवारीं येणार होतें. शुक्रवारीं सकाळीं अण्णा म्हणाले, "एकदां केळदला जाऊन येऊं या. १९७१ मध्यें आमचा तंबू ज्या वाडीवर होता, ती वाडी पाहावयाची आहे." आमच्या ह्यांस कचेरी होती, म्हणून मी, अण्णा आणि कॉलेजच्या सुटीवर आलेले आमचे चिरंजीव असे तिघे निघालों. मृग लागून चार दिवस झाले होते. गाडी मी चालवीत होतें. अण्णांनीं मला वयाच्या सतराव्या वर्षीं याच गाडीवर शिकविलें आहे, आणि तेव्हांपासून आजतागायत मीं एकदांही त्यांच्या मनासारखा गिअर टाकलेला नाहीं.

वेल्ह्याच्या पुढें रस्ता डोंगरांत शिरतो, तेव्हां तोरणा खांद्यावर येऊन उभा राहतो. चवदाशें तीन मीटर उंचीचा हा गड पुणें जिल्ह्यांतील सर्वांत उंच किल्ला. शिवछत्रपतींनीं त्यास प्रचंडगड असें नांव दिलें तें उगाच नव्हे. त्या दिवशीं त्याची झुंजार माची ढगांत होती आणि खालचीं खाचरें नुकतीं भिजून तांबूस काळीं झालीं होतीं. भाताच्या रोपांच्या वाफ्यांवर पोपटी रंग चढूं लागला होता. पूर्वीं वेल्ह्यापुढें पायींच जावें लागे असें अण्णा सांगतात. आतां डांबरी सडक केळदपर्यंत गेली आहे आणि सुटीच्या दिवशीं तिच्यावर मोटारींची रांग लागते. केळदच्या पुढें मढे घाट. सह्याद्रि येथें एकदम तुटतो, आणि कड्यावरून लक्ष्मी धबधबा खालीं कोंकणांत उडी घेतो. सिंहगडावर १६७० सालीं तानाजी मालुसरे पडले, तेव्हां त्यांचा देह याच वाटेनें उमरठ्यास नेला, म्हणून घाटास मढे हें नांव मिळालें, अशी परंपरा आहे. आम्ही कड्यापासून पुष्कळ अलीकडे थांबलों. धुकें इतकें दाट होतें कीं कोंकण दिसण्याऐवजीं फक्त ऐकूं येत होतें: खालून पाण्याचा आवाज, आणि मधूनच कोणा गुराख्याची हाक. अण्णा छत्री टेकून पांच मिनिटें उभे राहिले आणि म्हणाले, "चला, वाडी पाहूं."

ती वाडी सडकेपासून मैलभर आंत आहे. वाट बैलगाडीची, दोन्ही बाजूंस बांध, मधें एक ओढा. जातांना पाऊस थांबलेला होता आणि ओढ्यांत घोट्याएवढेंच पाणी होतें. गाडी मागच्या दोन चाकांवरच सहज उतरली. अण्णांच्या तंबूची जागा ओळखूं आली नाहीं. आंब्याचें एक झाड तेवढें ओळखीचें निघालें, आणि एक म्हातारे बाबा. त्यांनीं अण्णांकडे बराच वेळ पाहून विचारलें, "दुर्बिनवालं सायेब का?" पुढचा अर्धा तास ते दोघे ओट्यावर बसून मोजणीच्या खुंट्यांविषयीं बोलत होते. मीं आणलेले लाडू वाडींतल्या मुलांस वाटले. परत निघावयाची वेळ झाली तेव्हां बाबा जरा घुटमळले. त्यांच्या नातसुनेचें दोन वर्षांचें मूल सकाळपासून तापानें फणफणलें होतें. पहांटे एकदां डोळे फिरवून आंचका दिला होता. "माई, येष्टी आज यायची न्हाय. वेल्ह्याच्या दवाखान्यात तेवढं सोडाल का?" सोडाल का हें विचारण्याचें कारणच नव्हतें. ती मुलगी गाडीच्या मागच्या बाकावर मूल पदराखालीं घेऊन बसली, तिच्या शेजारीं बाबा, आणि त्याच वेळीं पावसाची सर आली.

ओढा आम्हीं ओलांडला. पाणी पिंढरीला लागलें होतें. ओढ्यापलीकडचा चढ मात्र लोण्यासारखा झाला होता. अर्ध्या चढावर मागचीं चाकें जागच्या जागीं फिरूं लागलीं आणि क्षणांत आंसापर्यंत चिखलांत बसलीं. पुढचीं चाकें सुदैवानें मुरुमाच्या कडेवर होतीं. चिरंजीव म्हणाले, "आई, फोर व्हील टाक ना!"

येथें वाचकांस दोन शब्द सांगितले पाहिजेत. साध्या मोटारीस इंजिनाची ताकद दोनच चाकांस मिळते. जीपमध्यें गिअरपेटीच्या मागें आणखी एक लहान पेटी असते; तिला ट्रान्सफर केस म्हणतात. तिच्यांतून एक दांडा मागच्या आंसाकडे जातो, दुसरा पुढच्या आंसाकडे. नेहमींच्या रस्त्यावर पुढचा दांडा सुटा असतो. चालकाजवळ वर आलेल्या लहान दांड्यांपैकीं एक ओढली कीं आंतलें दांतेरी कडें सरकतें आणि पुढचा दांडा जोडला जातो. दुसरी दांडी 'लो' ची. ती टाकली कीं वेग कमी होतो आणि जोर सुमारें अडीच पट वाढतो. पुढचा आंस जोडल्याखेरीज 'लो' पडूं नये अशी आंत अडसराची योजना असते, कारण तेवढा सगळा जोर एकट्या मागच्या आंसावर पडला तर तो मोडावयाचा. याशिवाय आमच्या गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यावर, हबवर, एकेक फिरकी आहे. ती मोकळी असली म्हणजे चाक एकटेंच फिरतें, आंस आणि दांडे स्वस्थ राहतात, पेट्रोल वांचतें. चिखल लागला कीं खालीं उतरून दोन्ही फिरक्या बंद कराव्या लागतात. सारांश, चारी चाकांस ताकद मिळण्यासाठीं दांडी, पेटी, दांडा आणि दोन्ही हब, एवढ्यांची एकवाक्यता लागते. एकत्र कुटुंबासारखेंच हें.

चिरंजीवांनीं उतरून दोन्ही फिरक्या फिरविल्या. मीं दांडी ओढली. ती हलेना. दोन्ही हातांनीं ओढली. तरी हलेना. अण्णा शेजारीं छत्रीच्या मुठीवर हनुवटी ठेवून बसले होते. म्हणाले, "जोर करूं नकोस. दांत्यासमोर दांता आला असेल. क्लच दाब, सोड, मागचीं चाकें बोटभर फिरूं दे, मग ओढ." तसें केलें. दांडी इंचभर आली आणि पुन्हां अडली. यावर अण्णांनीं विचारलें, "मागच्या पावसाळ्यानंतर हिच्या सांध्याला तेल घातलेंस?" मी गप्प बसलें. दांडी ज्या खिळीवर झुलते ती खिळी गाडीच्या पोटाशीं असते. तेथें चिखल उडतो, वाळतो, आणि मग गंज चढतो. दोन वर्षें मीं ती दांडी ओढलीच नव्हती. पुण्यांतल्या पुण्यांत भाजी आणावयास फोर व्हील कशाला लागतें? दांडीच्या बुडाचें रबर वर करून तेलाची बुधली अर्धी आंत ओतली, दांडी हळूहळू पुढेंमागें खेळविली, आणि सातव्या-आठव्या खेपेस ती खट्‌कन बसली.

मीं गिअर टाकून क्लच सोडला. मागचीं चाकें पुन्हां गरगरलीं. पुढचीं ढिम्म.

मागें मूल रडत होतें, तें आतां रडेनासें झालें. रडणें थांबलेलें मला अधिक वाईट वाटलें. त्याची आई कांहीं बोलत नव्हती. ओल्या फडक्यानें त्याचें कपाळ आणि काखा पुसून काढीत होती, आणि तें फडकें पुनःपुन्हां बाहेर पावसांत धरीत होती. सडक तेथून अर्ध्या मैलावर. पण सडकेवर पोंचलें तरी वाहन मिळेल याची शाश्वती नव्हती. ओढ्याचा आवाज वाढला होता. चिरंजीवांनीं मोबाइल उंच धरून पाहिला. डोंगरांत त्यास रेघ नव्हती. ते निराशेनें म्हणाले, "ट्रान्सफर केस गेली. आतां ट्रॅक्टरच आणावा लागेल."

अण्णा म्हणाले, "ट्रॅक्टर केळदला आहे, आणावयास दीड तास लागेल. आधीं पाहा, मग बोल. गाडीखालीं जाऊं नकोस. त्या बांधावर दूर आडवा पड, आणि मीं सांगितल्यावर पुढचा दांडा फिरतो कीं नाहीं एवढेंच सांग." चिरंजीव कॉलेजच्या कपड्यांनिशीं बांधावर आडवे झाले. मीं क्लच सोडला. "फिरतो आहे, आजोबा!"

"मग पेटी निर्दोष आहे," अण्णा म्हणाले. "दांडाही निर्दोष. तपास पुढें."

दांडा फिरत असून दोन्ही चाकें उभीं, म्हणजे दोन्ही हब एकदम बिघडले असें मला वाटलें. अण्णांनीं मान हलविली. आंसाच्या मध्यावर जो डिफरन्शिअल असतो, त्याचा स्वभाव असा कीं ज्या बाजूस विरोध कमी त्या बाजूस तो सगळी फिरकी देऊन टाकतो. एकच हब मोकळा राहिला तर सगळी ताकद त्या बाजूचा अर्धा आंस हवेंत फिरविण्यांत जाते, आणि दुसरें चाक धडधाकट असूनही जागचें हलत नाहीं. दोषी एकच, तो कोणता तें शोधावयाचें. इंजिन बंद केलें, चाकांस दगड लावले, आणि सपाट दगडावर जॅक ठेवून आधीं उजवें पुढचें चाक उचललें. अण्णांनीं खालीं उतरून, माझ्या खांद्याचा आधार घेऊन, तें हातानें फिरविलें. जड फिरलें, आणि आंतून दांत्यांची खरखर ऐकूं आली. म्हणजे चाकाबरोबर आंस फिरत होता. मग डावें उचललें. तें मुलाच्या भिरभिऱ्यासारखें हलकें आणि निःशब्द फिरलें. फिरकीचा बाण बंद दाखवीत होता. आंत मात्र हब मोकळा होता.

सहा बारीक बोल्ट काढून हबचें झांकण उघडलें. आंत ग्रीस ठांसून भरलेलें, पिवळट, थिजून मेणासारखें झालेलें. जें कडें सरकून दांत्यांत बसावयाचें, तें त्या मेणांत रुतून बसलें होतें. पुण्याच्या एका कारखानदारानें मागें सर्व्हिसिंग करतांना बेअरिंगचें जाड ग्रीस सढळ हातानें यांतही कोंबलें होतें. आणि मीं बिल देतांना काम पाहिलें नव्हतें. येथें पातळ तेलाचा नुसता हात लागतो. जास्त वंगण म्हणजे जास्त निगा असें नव्हे, हें स्वयंपाकघरांत मला कोणी सांगावयास नको होतें. मोटारीच्या बाबतींत मात्र माझें ज्ञान बिलाच्या आंकड्यापाशीं थांबलें होतें.

डब्यांतलें थोडें पेट्रोल वाटींत काढलें. (बाबांनीं विडी शिलगावण्यास हात खिशांत घातला होता, तो अण्णांनीं धरला.) माझ्या जुन्या लुगड्याच्या फडक्यानें एकेक दांता धुतला, पुसला, आणि तेलाचे चार थेंब सोडले. झांकणाखालचें कागदाचें वेष्टण फाटलें होतें. तें नसलें तर पाणी आंत शिरणार. अण्णांनीं माझी पिशवी मागितली. तींत आमच्या पुतणीच्या लग्नाची आमंत्रणपत्रिका होती, चांगली जाड. त्यांनीं झांकण त्या पत्रिकेवर ठेवून कडेनें नखानें खूण केली आणि चिरंजीवांच्या चाकूनें बांगडी कापून काढली. बोल्टांचीं सहा भोंकें पाडलीं. आमचे व्याही हें वाचतील तर त्यांनीं राग मानूं नये. सारें जागेवर बसवून फिरकी फिरविली, चाक थोडें पुढें-मागें हलविलें, तों आंतून 'टक्' असा लहानसा आवाज आला. पुन्हां चाक फिरवून पाहिलें. जड! आणि खरखर! आयुष्यांत खरखर इतकी गोड कधीं वाटली नव्हती.

या सर्वास चाळीस मिनिटें लागलीं. मीं 'लो' टाकला, पहिला गिअर घातला. अण्णा म्हणाले, "ॲक्सिलेटर देऊं नकोस. तिला चालूं दे." गाडीनें एकदां अंग झाडलें, पुढचीं चाकें मुरुमांत रुतलीं, आणि म्हातारी जिना चढते तशा संथपणें ती चिखलांतून वर आली. बाबा मागून म्हणाले, "बैलावानी चढली कीं!"

डांबरी सडक लागतांच मला घाई झाली. 'लो' निघाला, पण फोर व्हीलची दांडी निघेना. स्टिअरिंगही जड झालें होतें. मला वाटलें, असूं दे, वेल्ह्यास पोंचूं तर खरें. पण अण्णांनीं गाडी थांबवावयास लावली. वळणावर पुढचीं चाकें मोठ्या वर्तुळांतून जातात, मागचीं लहान. चिखलांत तो फरक घसरून निघून जातो, डांबरावर जाण्यास जागा नसते, मग तो दांड्यांमध्यें पीळ होऊन सांठतो आणि त्या पिळांत दांतेरी कडें आंवळून धरलें जातें. त्यांत मागचे टायर नवे, पुढचे झिजलेले. म्हणजे सरळ रस्त्यावरही पीळ वाढतच होता. "ओढूं नकोस. सरळ रेषेंत वीस फूट मागें घे." मागें घेतली. दांडी एका बोटानें सुटली. एक मिनिट गेलें असेल. तशीच दामटली असती तर घाटाच्या उतारावर काय मोडलें असतें कोण जाणे.

वेल्ह्यास दवाखान्यांत पोंचलों तेव्हां दिवे लागले होते. मुलास एकशेंतीन ताप निघाला. डॉक्टरीणबाईंनीं औषध पाजलें, कोमट पाण्यानें अंग पुसावयास सांगितलें, आणि रात्रभर तेथेंच ठेवून घेतलें. ती मुलगी वाटेंत एक शब्द बोलली नव्हती. आम्ही निघालों तेव्हां ती दारापर्यंत आली आणि मला म्हणाली, "ताई, तुमी गाडी चालिवता, मला लई बरं वाटलं." दुसऱ्या दिवशीं दवाखान्यांत फोन केला, ताप उतरून आई-मूल घरीं गेलीं होतीं.

सोमवारीं गिऱ्हाईक आलें. तिशीचे एक गृहस्थ, डोंगर भटकणारे. अण्णांनीं त्यांस गाडीचे गुण एका वाक्यांत सांगितले आणि दोष तासभर: खिळीचा गंज, डावा हब, टायरांची विषमता, सारें. माझा भाऊ मला खुणा करीत होता. गृहस्थांनीं किंमत थोडी कमी केली. अण्णांनीं ती मान्य केली. मग ते खालीं गेले, पुढच्या चाकाशीं उकिडवे बसले, आणि त्या गृहस्थांच्या हातीं फिरकी देऊन म्हणाले, "बाण पाहूं नका. चाक उचला, फिरवा आणि ऐका." तीनदां त्यांनीं तें करवून घेतलें. लग्नाच्या पत्रिकेची सोनेरी कड झांकणाखालून किंचित बाहेर डोकावत होती. ती काढून नवें वेष्टण घालूं का, असें गृहस्थांनीं विचारलें. अण्णा म्हणाले, "पुढच्या पावसाळ्यांत घाला. यंदा तें टिकेल."